बराकींचं शहर : प्रस्तावना

कोकण किनाऱ्याला १९४७ साल आठवतं ते रामदास बोटीमुळे. १७ जुलैला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. पुढे महिन्याभरात फाळणी झाली. ती मात्र इकडच्या घरांत वर्तमानपत्रातूनच आली. पंजाबात काय चाललंय, बंगालात काय चाललंय हे लोकांनी वाचलं, हळहळ व्यक्त केली आणि लावणीची कामं उरकली. सिंधबद्दल तर वाचायलाही फारसं मिळालं नसावं.

तेव्हा उल्हासनगरच्या इतिहासाला वेंगुर्ल्यातून प्रस्तावना कशाला, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. कल्याणच्या पलीकडचं हे शहर आमच्या बोलण्यात येतं ते बहुधा विनोदापुरतं. तो विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ छापलंय ना, मग ती उल्हासनगर सिंधी असोसिएशनची. पाऊणशे वर्षांत मराठी माणसाने या शहराविषयी जमवलेलं ज्ञान बहुतांशी एवढंच आहे, आणि मला ते खटकतं. दुसरीकडे ‘शून्यातून विश्व’ छापाचं कौतुकही असतं. निर्वासित आले, हात पसरले नाहीत, पापड लाटले, कोट्यधीश झाले. विनोद काय आणि कौतुक काय, दोन्हींत एक गोष्ट गाळली जाते. उल्हासनगर ही सरकारने तात्पुरती म्हणून दिलेली छावणी होती आणि ती छावणी कधी उठलीच नाही. या शहराचं बरंवाईट जे काही आहे, ते तिथून सुरू होतं. हे पुस्तक वाचताना माझ्यापुरतं हे सूत्र मी हातात धरलं आहे.

आमच्या बाजूने पाहिलं तर सिंधी निर्वासितांचं सर्वांत जवळचं गाव उल्हासनगर नव्हे, कोल्हापूरजवळचं गांधीनगर. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेला माणूस सणासुदीच्या आधी ‘गांधीनगराक जावचा आसा’ म्हणतो, आंबोली घाट चढतो आणि गठ्ठे घेऊन परत येतो. गोव्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे दुकानदार तिथे येतात. या घाऊक बाजाराखालची जमीन मात्र दोन देशांतरं पाहिलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या छळछावण्यांतून सुटलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातल्या वळिवडे इथे राहिली. ती गेली आणि त्याच घरांत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. पोलंडची आठवण ठेवणारा स्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे. २०१९ मध्ये त्या छावणीतले वृद्ध झालेले रहिवासी वळिवड्याला येऊन गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत भरभरून छापून आलं. त्यांच्यानंतर त्याच छपरांखाली राहिलेल्यांबद्दल तेवढं कोणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. परक्याचं दुःख लांबून सुंदर दिसतं, शेजाऱ्याचं दिसत नाही.

आणि सिंध तरी परका कुठे होता? १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने तो जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ एप्रिल १९३६ ला वेगळा प्रांत झाला. जवळजवळ नव्वद वर्षं कराची आणि वेंगुर्लं एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होतं. वेंगुर्लं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. सरकारी नोकरीतल्या मराठी माणसाची बदली धारवाडला व्हावी तशी कराचीला होई. कराचीतल्या पहिल्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे. १८५५ मध्ये सुरू झालेली ही शाळा, आणि वैद्य हे सिंधच्या शिक्षणखात्यातले मराठी अधिकारी. सिंधीच्या खुदाबादी लिपीला शाळेत चालेल असं रूप देण्याच्या खटपटीतही ते होते. कराचीत ‘एन.जे.व्ही.’ म्हटलं की आजही रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो म्हणतात. ही आद्याक्षरं कोणा मराठी मास्तराची आहेत हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही, पण आपल्याला असायला हरकत नव्हती.

सिंधमधला हिंदू समाज लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास होता. शहरांत त्याचं प्रमाण पुष्कळ जास्त, खेड्यांत कमी. आपण ‘सिंधी’ म्हणून एकच गठ्ठा बांधतो. त्यांच्यात मात्र आमिल वेगळे, भाईबंद वेगळे. आमिल म्हणजे सिंधच्या मीर राज्यकर्त्यांच्या काळापासून दप्तर सांभाळणारे, पुढे इंग्रजी शिकून वकील, कलेक्टर कचेरीतले अधिकारी, प्राध्यापक झालेले. भाईबंद व्यापारी. हैदराबादचे भाईबंद ‘सिंधवर्की’ म्हणून ओळखले जात आणि त्यांच्या पेढ्या पोर्ट सैदपासून योकोहामापर्यंत पसरल्या होत्या. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियात बुखाऱ्यापर्यंत वटत. अर्थात सगळेच काही पेढीवाले नव्हते. लाडकाणा, सक्खर, नवाबशहाकडचे किराणा दुकानदार, शेतमालाचे अडते, शाळामास्तर, हलवाई यांचीच संख्या मोठी. फाळणीनंतर ज्यांच्याकडे शिक्षण, ओळखी किंवा परदेशातली पेढी होती त्यांनी मुंबईत खार, वांद्र्याकडे बस्तान बसवलं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं ते कल्याणच्या छावणीत राहिले. उल्हासनगर समजायचं तर हे आधी समजलं पाहिजे. ते सिंध्यांचं शहर आहे, पण सगळ्या सिंध्यांचं नाही.

पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली, म्हणजे वाटणी झाली. निर्वासित पंजाब्याला अर्धा पंजाब तरी उरला, आपली बोली बोलणारं गाव उरलं, तिकडे गेलेल्यांनी मागे सोडलेली शेतं उरली. सिंध मात्र अख्खा गेला. सुरुवातीला तिथे पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती आणि अनेकांना वाटत होतं की राज्य बदलेल, घर बदलणार नाही. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, हिंदूंची घरं लुटली गेली आणि ती आशा संपली. मग बोटी भरभरून माणसं ओखा, पोरबंदर, मुंबईच्या धक्क्यांना लागली. काही रेल्वेने मारवाडातून आली. दहा-बारा लाख माणसं सिंधमधून भारतात आली असं मानतात.

मुंबई सरकारपुढे प्रश्न होता तो त्यांना ठेवायचं कुठे, हा. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेला लष्कराचा तळ रिकामा होत होता. युद्धावर जाणाऱ्या फौजांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या दोन हजारांवर बराकी, सामायिक नळ, सामायिक संडास, मधूनमधून मोकळी मैदानं. या तळाचे पाच भाग होते. तेच आजचे कॅम्प एक ते पाच. लाखाच्या घरात माणसं इथे आणली गेली. एकेका लांबलचक बराकीत कितीतरी कुटुंबं राहायची. मधल्या भिंती गोणपाटाच्या, जुन्या चादरींच्या, साड्यांच्या. सरकारने काही काळ शिधा दिला, मग तो बंद केला. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. हे नाव बदलून सिंधूनगर करावं ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते.

कल्याणच्या छावणीचं उल्हासनगर झालं, पण जागा तीच राहिली. याच काळात कच्छमध्ये भाई प्रताप दियालदास यांनी सिंधी निर्वासितांसाठी गांधीधाम उभारायला घेतलं होतं. तिथे आधी आराखडा झाला, रस्ते आखले गेले, शेजारी कांडल्याचं बंदर होणार हे गृहीत धरलं गेलं. उल्हासनगरच्या वाट्याला आराखडा आला नाही, बराकी आल्या. पुढे १९५४ च्या कायद्यान्वये निर्वासितांनी मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे तपासून अंशतः भरपाई मिळू लागली आणि सरकारी घरं त्या हिशेबात वळती होऊ लागली. म्हणजे तिकडचा वाडा कागदावर गेला आणि इकडची बराकीतली खोली कागदावर आली. आजही उल्हासनगरचा पत्ता बराक क्रमांकाने लिहितात: बी.के. नंबर अमुक, सेक्शन तमुक, उल्हासनगर चार. बराक कधीच पाडली गेली असेल, तिच्या जागी पाच मजले उभे असतील, पण पोस्टमनला हवा असतो लष्कराने घातलेला आकडाच.

जगायचं कसं, हा प्रश्न लोकांनी फार वेगाने सोडवला. इतका की त्यातले हाल नंतर कोणाला दिसेनासे झाले. मुलं शाळा सोडून लोकलच्या डब्यांत गोळ्या, बिस्किटं, पेनं विकू लागली. ज्या घरांतल्या बायका सिंधमध्ये कधी पैशासाठी राबल्या नव्हत्या त्या पापड, लोणचं, शिवणकामावर घर चालवू लागल्या. खरं तर उल्हासनगरचं पहिलं भांडवल ते होतं, आणि त्याचा जमाखर्च कुठल्या वहीत नाही. नफा कमी घ्यायचा, माल वेगाने फिरवायचा, उधारीवर विश्वास ठेवायचा ही निर्वासितांची रीत मुंबईच्या जुन्या व्यापाऱ्यांना सुरुवातीला मुळीच रुचली नाही. हळूहळू जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचर बाजार उभे राहिले. मिठाया, रंग, विजेची उपकरणं, पुढे कॅम्प पाचमधला जीन्सचा धंदा, घराघरांत सुरू झाला.

आता त्या विनोदाकडे येऊ. परमिटराजच्या काळात परदेशी वस्तू दुर्मीळ होती आणि तिची हाव सगळ्यांना होती. बघून हुबेहूब वस्तू बनवणारा कारागीर उल्हासनगरात बसला होता हे खरं. नकली शिक्के मारले गेले हेही खरं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तो माल विकत कोण घेत होतं? दादर-गिरगावातला पांढरपेशा, आणि मे महिन्यात गावाला येताना भाच्याला ‘फॉरेनचं’ घड्याळ आणणारा आमचा चाकरमानी. हसणारे गिऱ्हाईक होते, हे हसताना सोयीस्करपणे विसरलं गेलं.

आजचं शहर आकड्यांत सांगायचं तर २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. त्याच जनगणनेत आमच्या अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८,४९,६५१ माणसं ५,२०७ चौरस किलोमीटरवर राहत होती. वेंगुर्ल्याच्या वाचकाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तिथे अंगण नाही, परसू नाही, दोन घरांमधून वाऱ्याला वाट नाही. छावणीच्या जागेवर माणसं वाढत गेली, जागा वाढली नाही, आणि नियोजनाचा कागद नेहमी बांधकामाच्या मागून आला. महानगरपालिका झाली १९९६ मध्ये. तोवर शहर वरच्या दिशेने वाढून चुकलं होतं. बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, आठशे पंचावन्न इमारतींची यादी गाजली, त्या पाडायच्या की वाचवायच्या यावरून राजकारण पेटलं आणि २००६ मध्ये त्या नियमित करण्यासाठी राज्य सरकारने फक्त या एका शहरासाठी कायदा केला. कायद्याने कागद सरळ होतो, खांब सरळ होत नाही. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं मेली. याला ‘सिंध्यांची बेशिस्त’ म्हणणं सोपं आहे. माझ्या मते, लाख माणसांना बराकीत ठेवून पुढची पन्नास वर्षं त्यांच्याकडे मतदार आणि करदाते म्हणूनच बघणाऱ्या प्रत्येक सरकारचा त्यात वाटा आहे. स्थानिक पुढाऱ्यांनी आणि बिल्डरांनी त्या दुर्लक्षाचं सोनं केलं, हा दुसरा वाटा.

वालधुनी नदीचीही गोष्ट यातलीच. अंबरनाथच्या डोंगराकडून येऊन शहरातून वाहणाऱ्या या लहानशा नदीत कारखान्यांचं आणि जीन्स धुण्याच्या घाटांचं रंगीत पाणी वर्षानुवर्षं गेलं. न्यायालयाचा बडगा आला तेव्हा जीन्सवाले आजूबाजूच्या खेड्यांत सरकले. नदी सुटली की त्रास गावोगाव वाटला गेला, हे सांगायला नको.

त्या खेड्यांबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण निर्वासितांच्या इतिहासात यजमानांचा इतिहास नेहमी हरवतो. युद्धकाळात तळासाठी जमीन घेतली गेली ती आगरी, कोळी, कुणबी शेतकऱ्यांची होती. युद्ध संपल्यावर ती परत मिळेल असं त्यांना वाटत होतं. काही जमिनीवर शहर वसलं, काही लष्कराकडेच राहिली. जवळच्या नेवाळीच्या धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीवरून जून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, गाड्या जळल्या, पोलिसांशी चकमक झाली. युद्धकाळातल्या भूसंपादनाचा वाद अजून मिटलेला नाही. एकाचं विस्थापन दुसऱ्याच्या विस्थापनावर उभं असतं आणि दोघांनाही एकमेकांचा कागद वाचायला मिळत नाही. शिवाय उल्हासनगर काही केवळ सिंध्यांचं राहिलेलं नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये नोकरीला लागलेले घाटावरचे आणि कोकणातले कामगार, सुभाष टेकडीवरची आंबेडकरी वस्ती, जीन्सच्या गाळ्यांत शिवणारे उत्तर भारतीय कारागीर हे सगळे त्याच तेरा चौरस किलोमीटरमध्ये आहेत. शहाडला बिर्लांनी बांधलेल्या मंदिरात मूर्ती विठ्ठल-रखुमाईची आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

श्रद्धेच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या वाचकाला उल्हासनगर अनोळखी वाटू नये. सिंध्यांचा झूलेलाल हा पाण्याचा देव. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो, त्याच सुमारास तिथे चाळीस दिवसांचं चालिहा व्रत चालू असतं. कॅम्प पाचमधल्या चालिया मंदिरातली ज्योत सिंधमधल्या पीरगोठहून आणलेली आहे, असं भाविक सांगतात. व्रताच्या शेवटी कणकेचा दिवा लावलेला बहराणा नाचत-गात नेऊन पाण्यात सोडतात. त्यांच्या जुन्या टिकाण्यांत, म्हणजे प्रार्थनास्थळांत, गुरुग्रंथसाहिब आणि रामकृष्णाच्या तसबिरी एकाच छताखाली असतात, सूफींचे कलाम गायला कोणाची हरकत नसते. धर्मावरून झालेल्या फाळणीतून आलेल्या माणसांचा धर्म असा सरमिसळीचा असावा, हे मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

भाषेचं मात्र कठीण झालं. सिंधी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली ती १० एप्रिल १९६७ ला, पण ज्या भाषेला राज्य नाही तिला नोकरी नाही, आणि नोकरी नाही तिला शाळा टिकत नाहीत. त्यात लिपीचा वाद: जुन्यांना अरबी लिपी हवी, काहींना देवनागरी. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही अशी घरं त्यातून तयार झाली. मोहन कल्पना यांच्यासारखा कथाकार याच शहरात राहून सिंधीत लिहीत राहिला. मराठीत त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? शिक्षणाच्या बाबतीत हा समाज मागे राहिला असं नाही. सिंधमधलं महाविद्यालय सोडून आलेल्या प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी उभ्या केलेल्या संस्थेचं चांदीबाई महाविद्यालय उल्हासनगरात आहे. कल्याण-अंबरनाथच्या कितीतरी मराठी मुलांनी पदवी तिथे घेतली.

वेंगुर्लं हे माणसं बाहेर पाठवणारं गाव आहे. गिरणीत, गोदीत, बोटीवर, आता आखातात. पण आमचा चाकरमानी गेला तरी घर उभं असतं, किल्ली शेजारी असते, गणपतीला दार उघडतं आणि देवळातला त्याचा मान कोणी काढून घेत नाही. आम्ही विस्थापनाविषयी बोलतो तेव्हा ते परतीच्या तिकिटासकटचं विस्थापन असतं. उल्हासनगरला पहिल्या दिवसापासून ते तिकीट नव्हतं, आणि म्हणून तिथल्या माणसाने मागे बघण्यात वेळ घालवला नाही. त्यामुळे त्याच्यापाशी आठवणी कमी आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्या कोणी विचारल्या नाहीत, एवढंच आहे.

वाचकांना म्हणून एकच विनंती. बराकीतला पहिला पावसाळा आठवणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. आपल्या ओळखीत, शेजारात, बाजारपेठेत असं कोणी असेल तर हे पुस्तक मिटल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसा, त्यांना बोलतं करा आणि ऐकलेलं लिहून ठेवा. घरात छावणीचं रेशनकार्ड, दाव्याची पावती, कराचीचा पत्ता असलेलं पाकीट मिळालं तर रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.